आपल्या भागातल्या बंद गिरणीवर पोरांना घेऊन नाटक कसं उभं करायचं

गिरणगावावर, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागावर, नाटक करायचं म्हटलं की कॉलेजच्या पोरांच्या डोक्यात पहिलं काय येतं ते ठरलेलं असतं: संप, मोर्चा, रडणारी आई, दारू पिणारा बाप, गँगमध्ये गेलेला धाकटा भाऊ आणि शेवटी सगळे ओळीत उभे राहून गाणं. हे सगळं झालेलं आहे, खोटं नाही, पण पंचवीस मिनिटांच्या एकांकिकेत ते बघून बाहेर पडणाऱ्या माणसाला गिरणीत नेमकं काय काम चालायचं हे कळतच नाही, आणि नाटक करणाऱ्या पोरांनाही कळलेलं नसतं. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम सांगणं आहे की संपाचं नाटक करू नका, कामाचं करा. हात कुठे असायचे, पाय किती चालायचे, कानांचं काय व्हायचं, डबा कुठे ठेवायचे, इथून सुरू करा. संप त्यातून आपसूक येतो आणि मग तो का झाला हे समजावून सांगावं लागत नाही.

खाली लिहिलंय ते मुंबईच्या गिरण्यांना धरून, कारण ते मला जवळचं आहे. पण नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७), सोलापूरची जुनी मिल (तीही १८७७), ओगलेवाडीचा काचकारखाना जिथून प्रभाकर कंदील गावोगाव गेले, इचलकरंजीचे माग, कुठेही हीच पद्धत चालेल. आपल्या भागात काय आहे ते बघा, लांब जाऊ नका.

ग्रुप आणि वेळ

वय साधारण १४ ते २२, पोरं बारा ते पंधरा. त्याहून जास्त घेतली तर मुलाखतीला घरात शिरता येत नाही, चाळीच्या खोलीत बसणार कुठे एवढी सगळी. शनिवार-रविवार धरून तीन महिने ठेवा. पहिला सगळा महिना फक्त ऐकणं-बघणं-फिरणं, स्क्रिप्टचं नावही काढायचं नाही, आणि पोरं चुळबुळ करतील, "सर कास्टिंग कधी?" विचारतील, तेव्हा ठाम राहा. नाटक कच्चं राहतं ते बहुतेक वेळा हा महिना दोन आठवड्यांवर आणल्यामुळे. अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी पहिल्याच दिवशी घ्या, फोटो-व्हिडिओची वेगळी घ्या.

आधी चाला

चिंचपोकळीला उतरा, लालबाग, भारतमाता सिनेमा, तिथून करी रोडचा पूल ओलांडून ना. म. जोशी मार्ग आणि मग लोअर परळ. हे सगळं पायी. मोबाइलवर आजचा नकाशा असतोच, पण आपल्या हाताने एका मोठ्या कागदावर दुसरा नकाशा काढायचा, त्यात कुठे गिरणी होती, कुठे चाळ, कुठे खाणावळ, कुठे गेट आणि कुठला नाका. टॉवरच्या मागे अजून एखादं धुराडं दिसतं, एखादी दगडी भिंत दिसते, मॉलच्या आवारात जुन्या इमारतीचा तुकडा दिसतो, ते टिपा. दुपारी साडेतीनच्या सुमारास एखाद्या ऑफिस-संकुलाच्या गेटसमोर अर्धा तास उभं राहा आणि कोण आत जातंय, कोण बाहेर येतंय ते लिहा. एकेकाळी याच सुमाराला पहिली पाळी सुटून दुसरी भरायची आणि रस्ता माणसांनी भरून जायचा, ती गर्दी कुठून कुठे जायची हे पोरांना पायांनी कळलं पाहिजे.

थोडा इतिहास चालता चालता सांगा, वर्गात बसवून नको. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, हे रविवारीच सांगा म्हणजे लक्षात राहतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, साठाहून जास्त गिरण्या, जवळपास अडीच लाख कामगार. १९९१ चा नियम, ज्यात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि उरलेला मालकाला असं ठरलं होतं, आणि २००१ मध्ये त्यात बदल होऊन ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरतीच उरली. हा मुद्दा लोअर परळच्या पुलावर उभं राहून सांगितलात तर दुसरं काही दाखवायची गरज नाही.

बंद गिरणीत भिंतीवरून उडी मारून जायचं नाही, कितीही भारी फोटो येणार असले तरी. कुजलेल्या लाकडी जमिनी, अॅस्बेस्टॉसचे पत्रे, उघडे खड्डे, साप. आणि ती जागा कुणाच्या तरी मालकीची असते. मुंबईतल्या बऱ्याच गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आहेत, तिथे रीतसर पत्र द्या, उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर गेटबाहेरूनही भरपूर मिळतं.

मुलाखत म्हणजे प्रश्नावली नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोघादोघांच्या जोड्या करा, एक बोलेल, दुसरा फक्त ऐकेल आणि हातांकडे बघेल. आधी ओळखीतून जा: मंडळाचे कार्यकर्ते, भजनी मंडळ, ग्रामस्थ मंडळ, पोरांचे स्वतःचे आजोबा. पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नको, नुसता चहा. दुसऱ्या भेटीत विचारा, "काका, रेकॉर्ड केलं तर चालेल ना? नाटकात वापरू, तुमचं नाव घालणार नाही." आणि नको म्हणाले तर नको. सही हवीच, पण ती गप्पांनंतर, आणि कागद मराठीत, अर्ध्या पानाचा.

"संपाच्या वेळी तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न बादच करा. त्याचं उत्तर वर्तमानपत्राच्या भाषेत येतं, कारण ते कैक वेळा विचारून झालंय. त्याऐवजी असं विचारा:

गेटमधून आत गेल्यावर पहिलं काय करायचात? कुठलं खातं? त्या खात्याला वास कसला यायचा? अंगावर काय घालायचात? पाणी कुठे प्यायचात, कोणाच्या हातचं? धागा तुटला की काय करायचात, जरा करून दाखवता? मशीन चालू असताना शेजारच्याशी बोलायचं कसं? बदली कामगार होतात (म्हणजे कायम नव्हतात, रोज मिळेल तसं काम) तेव्हा गेटवर किती वेळ उभं राहायला लागायचं? पाळीवरून आल्यावर झोपायला जागा मिळायची का?

"करून दाखवा" म्हटल्यावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. पंचाहत्तरीचे आजोबा, हात थरथरणारे, ते खुर्चीत सरळ होतात आणि बोटं आपोआप चालायला लागतात, तुटलेली दोन टोकं चिमटीत धरून क्षणात सांधायची ती हालचाल चाळीस वर्षांनंतरही हातात तशीच असते. ती रेकॉर्ड करा, ती तुमच्या नाटकाची खरी स्क्रिप्ट.

बायकांशी वेगळं बोला, नवरा समोर बसलेला नको. बऱ्याच जणी स्वतः वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, किंवा रिळ खात्यात होत्या, आणि १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टने बायकांना रात्रीच्या कामाची बंदी होती, त्यामुळे त्यांचा दिवस पुरुषांच्या दिवसापेक्षा पूर्ण वेगळा होता. ज्या गिरणीत नव्हत्या त्यातल्या कितीतरी जणींनी खाणावळी चालवल्या. एकेका खोलीत वीसवीस जणांचं जेवण रांधणाऱ्या ह्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. नाटकात आई फक्त दारात वाट बघताना दाखवली तर ते सरळ सरळ खोटं आहे.

आणि कोकणी माणूस सोडून दुसरं कोणी नव्हतंच असं करू नका. घाटावरचे होते, मदनपुऱ्यातले मुस्लिम विणकर होते, तेलुगू पद्मशाली होते, उत्तरेकडचे होते. सोलापूरला गेलात तर तेलुगू ऐकल्याशिवाय गिरणी कळणारच नाही.

एक फार महत्त्वाची गोष्ट. हजेरीचं कार्ड, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड असं काही कोणी काढून दाखवलं तर तिथेच फोटो काढा आणि तिथेच परत द्या. "उद्या झेरॉक्स काढून आणतो" असं म्हणून एका दिवसासाठीही ओरिजिनल घरी न्यायचं नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पात्रता सिद्ध करायला हेच कागद लागतात, आणि कामगार गेले असतील तर वारसांनाही हेच लागतात. एक पावती हरवली तर त्या घराचं किती नुकसान होईल हे पोरांना आधीच नीट समजावून सांगा.

संपाबद्दल माणूस आपणहून बोलला तर ऐका, खोदू नका. घरं मोडली, गावी परत जावं लागलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणाचा मुलगा वाईट मार्गाला लागला. युनियनवरून वाद घालू नका, कुठल्या पुढाऱ्याचं बरोबर आणि कुठल्याचं चूक हा निकाल लावायला आपण गेलेलो नाही. समोरचा गप्प झाला तर जोडीतल्या दुसऱ्याने "आजी, पाणी मिळेल का?" म्हणायचं आणि विषय सोडायचा.

आता शरीराकडे

दुसरा महिना. मुलाखती टाइप करून झाल्या असतील, नसतील तर ऑडिओ लावून ऐका. आणि मग टेबल-खुर्च्या बाजूला करा.

पहिला प्रयोग आवाजाचा. जुन्या साध्या मागावर धोटा (आडवा धागा वाहून नेणारा लाकडी तुकडा) मिनिटाला दीडशे ते दोनशे वेळा इकडून तिकडे फेकला जायचा. १८० धरा, म्हणजे सेकंदाला ३ ठोके. पोरांचे तीन गट करा, लाकडी ठोकळे किंवा बाकं घ्या, मोबाइलवर मेट्रोनोम (ठराविक ठेका वाजवणारं अॅप) १८० वर लावा आणि वाजवायला लावा. दोन मिनिटांत हात भरून येतात. मग गणित मांडा, आठ तासांच्या पाळीत ऐंशी हजारांच्या वर ठोके होतात, आणि हा झाला एक माग, खात्यात असे शेकडो. आता त्याच आवाजात दोन पोरांना एकमेकांना निरोप द्यायला सांगा: "तुझ्या घरून तार आलीये." ओरडून ऐकू जात नाही. मग ती खुणा करायला लागतात, ओठ मोठे करून बोलायला लागतात. त्या खुणा मुलाखतीत काकांनी दाखवलेल्या खुणांशी जुळवून बघा. हा तुमचा पहिला प्रवेश झाला, एक शब्द न लिहिता.

दुसरा, दोन मागांचा आणि तीन मागांचा. एका पोराला दोन खुर्च्यांच्या मध्ये उभं करा. प्रत्येक खुर्चीवर एक पोरगी बसवा, जी मध्येच हात वर करेल, म्हणजे धागा तुटला. हात वर झाला की पळत जाऊन सांधायचा, तोवर दुसरीकडे लक्ष. पाच मिनिटं चालू द्या. मग तिसरी खुर्ची वाढवा, पगार मात्र त्या हिशोबात वाढत नाही. पोरगं घामाघूम होतं, चिडतं, धागे तुटलेले राहतात, आणि जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, झालेला मित्र त्याचा दंड कापतो. आता सांगा की १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप पेटण्यामागे नेमकं हेच एक मोठं कारण होतं: विणकराकडे दोनाऐवजी तीन माग, सूतकताईत यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू, आणि त्यामुळे कमी होणारी माणसं. पुस्तकात "रॅशनलायझेशनला विरोध" एवढी एक ओळ असते, ती पोरांच्या पोटऱ्यांना समजते.

तिसरा, धोट्याचा. हा शेवटी करा आणि शांतपणे करा. जुन्या धोट्याला एक बारीक भोक असायचं. सुताची नवी कांडी बसवली की त्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, म्हणजे धागा बाहेर यायचा. एकाच धोट्याला वेगवेगळ्या कामगारांची तोंडं लागणार. म्हणून सवर्ण कामगारांनी दलित कामगारांना मागखात्यात येऊच दिलं नाही, आणि मागखातं म्हणजे बऱ्या पगाराचं खातं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. म्हणजे भाकरीसाठी लढणाऱ्या कामगारांमध्येच जातीची भिंत उभी होती आणि ती एवढ्याशा भोकातून दिसते. कामाचं नाटक करा असं मी का म्हणतो त्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. कामाची हालचाल नीट बघितली नाही तर हा प्रवेश सुचणारच नाही. करताना फक्त माइम, खरा धोटा तोंडाला लावायचा नाही. रडका सीन नको, भाषण नको. एक माणूस सूतकताईच्या खात्यातून मागखात्याच्या दारापर्यंत येतो, उभा राहतो, परत जातो, तेवढं पुरतं. आणि ग्रुपमध्ये कोणाची जात विचारून "तूच हा रोल कर" असं कधीही करायचं नाही.

स्क्रिप्ट

लेखक म्हणून एकालाच बसवू नका. प्रत्येक जोडीने आपल्या मुलाखतीतून तीन गोष्टी आणायच्या: एक हालचाल, एक वाक्य जसंच्या तसं, एक वस्तू. सगळं भिंतीवर चिकटवा. त्यातून दिवस उभा करा, पहाटेच्या भोंग्यापासून रात्रपाळीपर्यंत. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, एक उठतो आणि त्याच्याच अंथरुणावर दुसरा आडवा होतो, हा प्रवेश रंगमंचावर फार चांगला दिसतो कारण त्याला एकच सतरंजी लागते. गेटवरचा बदलीवाल्यांचा प्रवेश घ्याच, रोज सकाळी काम मिळेल की नाही ह्या भरवशावर उभी असलेली माणसं, जॉबर बोट दाखवतो, दोघं आत, बाकीचे घरी. आजची डिलिव्हरी करणारी पोरं मोबाइलकडे बघत नाक्यावर उभी असतात, ते साम्य तुमच्या पोरांनाच दिसेल, तुम्ही सांगू नका.

खऱ्या माणसांची नावं घालू नका, दोन-तीन जणांचं मिळून एक पात्र करा. बोली मात्र जशी ऐकली तशीच ठेवा, मालवणी असेल तर मालवणी, सातारी असेल तर सातारी, आणि ती विनोदासाठी वापरायची नाही. स्क्रिप्ट झाली की ज्यांनी सांगितलं त्यांना घरी जाऊन वाचून दाखवा. "हे काढा" म्हणाले तर काढा, चर्चा नाही.

फॉर्म शोधायला बाहेर जाऊ नका. गिरणगावात जाखडी होती, भजनं होती, दशावतार होता, तमाशा-लोकनाट्य होतं, गणपतीतले मेळे होते, परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटकं व्हायची. तुमच्याच ग्रुपमधल्या कोणाचे तरी वडील अजून शिमग्याला गावी नाचत असतील, त्यांना तालमीला बोलवा. पण गाण्यांबाबत सावध. अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख ह्या दोघांचंही निधन १९६९ मध्ये झालं आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे त्यांच्या रचना २०२९ संपेपर्यंत तरी परवानगीशिवाय वापरायच्या नाहीत. त्यापेक्षा पोरांना स्वतःची गाणी लिहू द्या, १८० च्या ठोक्यावर.

तालीम, सामान, परवानग्या

कपडे साधे. फाटके बनियन आणि खोट्या मिशा नकोत, कामगार ऐटीत राहायचे, सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून फिरायचे, विचारून बघा. खरा धोटा मिळाला तर दाखवायला ठेवा, फेकायला नाही, त्याची टोकं धातूची असतात आणि लागलं तर डोळा जाईल. सुताराकडून हलक्या लाकडाचा करून घ्या. हवेत उडणारा कापूस दाखवायला खरा कापूस उडवू नका, प्रेक्षकात दम्याची माणसं असतात आणि ज्यांना तो दमा गिरणीतच लागला अशी माणसंही असतील. दिव्यांवर जास्त खर्च करू नका, आवाजावर करा.

सार्वजनिक प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, याला वेळ लागतो म्हणून दुसऱ्या महिन्याच्या शेवटीच पाठवा. उघड्यावर करणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी आणि स्पीकर रात्री १० ला बंद. कामगार कल्याण केंद्रात जाऊन विचारा, तालमीला जागा मिळू शकते, आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा वर्षानुवर्षं चालत आल्यात त्यामुळे तिथे नाटकाची जाण असलेली माणसं भेटतात.

पहिला प्रयोग कुठे

चाळीच्या आवारात, नाहीतर मंडळाच्या मंडपात. स्पर्धेला नंतर. ज्यांनी सांगितलं त्यांनी आधी बघितलं पाहिजे, पुढच्या रांगेत खुर्च्या त्यांच्यासाठी, पाहुण्यांसाठी नाही. प्रयोग चाळीस-पन्नास मिनिटांचा ठेवा आणि नंतर किमान अर्धा तास मोकळा सोडा. कोणीतरी उठून म्हणणारच, "असं नव्हतं, सांधा असा मारत नाहीत," आणि पुढे येऊन दाखवणार. त्यांना थांबवू नका, माइक द्या, पोरांना त्यांच्या बाजूला उभं करा आणि तिथेच शिकू द्या. दुसऱ्या प्रयोगात ती हालचाल बदललेली असली पाहिजे. स्पर्धेतल्या परीक्षकांपेक्षा ह्या प्रेक्षकांचं म्हणणं वरचं धरा.

मग उरतं ते रेकॉर्डिंगचं काम, आणि ते ढकललं की कायमचं राहतं. प्रत्येक मुलाखतीच्या फाइलला तारीख, गिरणी आणि खातं असं नाव द्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि ज्या घरातून ती मिळाली त्या घराला पेनड्राइव्हवर त्यांची प्रत द्या, सोबत प्रयोगाचा व्हिडिओ. नातवंडं ती व्हॉट्सअॅपवर फिरवतात आणि त्यातून गावाकडचे आणखी दोन-चार जुने कामगार समोर येतात, त्यांचे नंबर पुढच्या बॅचच्या वहीत लिहून ठेवा. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा पुढची बॅच पुढच्या वर्षी नको, ह्याच पावसाळ्यात सुरू करा.